खाचेची ओळख आणि यंत्राची ओळख

गुरुवार, १३ ऑक्टोबर २००५, दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. सातपूरच्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी सुरू झाली, तेव्हा चव्वेचाळीस संगणकांपैकी एकतीस नेटवर्कच्या बाहेर होते. त्यांना बाहेर काढणारी यंत्रणा मीच बसवली होती.

कारखान्यातले संगणक स्विच नावाच्या पेट्यांच्या खाचांमध्ये वायरींनी जोडलेले असतात. कोणत्या खाचेत कोणत्या पत्त्याचा संगणक आहे, हे स्विच लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो. पण त्याची स्मृती मर्यादित असते. हजारो खोटे पत्ते ओतून ती कोणी भरून टाकली, की तो प्रत्येक निरोप सगळ्यांनाच ऐकवू लागतो. जुलैमध्ये, रीतसर परवानगी घेऊन, मी हा हल्ला व्यवस्थापकांसमोर करून दाखवला आणि तपासणी विभागात बसून त्यांचाच पासवर्ड त्यांना वाचून दाखवला. "कुलूप लावा," एवढेच ते म्हणाले.

मग प्रत्येक खाचेला मी एकच संगणक बांधून दिला. परका पत्ता दिसताच खाच बंद. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आलेली मी तेव्हा प्रोबेशनवर होते. नोकरी कायम होणे याच कामावर अवलंबून होते.

खंडेनवमी मात्र माझ्या गणितात नव्हती. त्या दिवशी लेथपासून वजनकाट्यापर्यंत प्रत्येक यंत्र पुसून पुजले जाते. देखभाल विभागाने स्विचचे कपाटही उघडले, वायरी काढल्या, पेट्या लख्ख केल्या, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि वायरी परत लावल्या, जिथे जागा दिसेल तिथे. दर वर्षी ते हेच करत आणि कधी काही बिघडले नव्हते. या वेळी मात्र एकतीस खाचांना परका पत्ता दिसला.

"मॅडम," मशीन शॉपचे फोरमन फोनवर म्हणाले, "दसऱ्याला लोक सोनं वाटतात, तुम्ही कुलपं वाटलीत!"

मागून कोणीतरी ओरडले, "लय भारी बंदोबस्त! चोर बी बाहेर, घरमालक बी बाहेर!"

व्यवस्थापक हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "दुपारच्या पाळीआधी सगळं सुरू करा. आणि पुढच्या वर्षीपासून त्या कपाटाची पूजा बंद."

"पूजा बंद करायला नको, सर. आपण ओळख खाचेला बांधली आहे, ती संगणकाला बांधायला हवी."

"म्हणजे नवी खरेदी?"

"नाही. या स्विचमध्ये तशी सोय आहे. फक्त एक जुना संगणक सर्व्हर म्हणून द्या."

"आणि परत बंद पडलं तर?"

"तर मला कायम करू नका."

त्यांनी मला कायम करण्याचा कागद फाइलीतून बाहेर काढला. "ठीक. तुमचा कागद पुढच्या दसऱ्यापर्यंत माझ्या टेबलावर राहील."

दुपारपर्यंत मी कुलपे काढली आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या पद्धतीला लागले. तिचे तत्त्व सुबक आहे. संगणक जोडला, की स्विच त्याला आधी एकच प्रश्न विचारतो: तू कोण? उत्तराचा निवाडा स्विच स्वतः करत नाही. ते सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरने होकार दिला, तरच वाट मोकळी होते. प्रत्येक संगणकात मी त्याचे स्वतःचे ओळखपत्र घातले. जे संगणक जुन्या प्रणालीमुळे उत्तरच देऊ शकत नव्हते, त्यांची प्रणाली बदलली. या कामात पावसाळा उलटला.

पुढच्या खंडेनवमीला कपाटापाशी फोरमननी मुद्दाम विचारले, "काढू का वायरी?"

"सगळ्या काढा."

"मागून रडायचं नाही हं, मॅडम!"

"लावताना आठवून लावू नका, म्हणजे झालं."

माळ मी स्वतः घातली.

दसऱ्यानंतर पहिली पाळी सुरू झाली, तेव्हा व्यवस्थापक माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर संगणक एकामागून एक प्रवेश घेत होते. एकही अडला नाही. मग त्यांनी पिशवीतून घरचा लॅपटॉप काढला आणि न विचारता भिंतीच्या खाचेत जोडला. काहीच उघडेना.

"मलाही नाही?"

"याला कोणी ओळखत नाही, सर."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि खिशातले पेन काढत आपल्या खोलीकडे वळले. माझी मान ताठ होती आणि ती तशी राहू देण्यात मला काहीही गैर वाटले नाही. सर्व्हरवरचे आकडे मी माझ्या हाताने उतरवून घेतले: स्वीकारलेले ४४, नाकारलेले १.