शेवटून दुसरी बँक

नवरा गेला त्याच्या पाचव्या आठवड्यात मी कामावर परतले. परतले म्हणजे अमेरिकेत, एडिसनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्या बौद्ध पद्धतीने श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला होता, सासूबाई नागपूरला परतल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज डबा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "एकदा मोकळी रड गं." मी हो म्हणायचे आणि डबा फ्रिजमध्ये ठेवायचे.

हातात काम आलं ते आखाती देशांतल्या बँकांचं. एका गुंतवणूकदारासाठी आमची कंपनी त्या भागातल्या सगळ्या बँकांची कार्यक्षमता मोजत होती. कुठली बँक किती माणसं, किती शाखा, किती खर्च लावते आणि त्यातून किती धंदा उभा करते. कमीत जास्त करणारी वर, बाकीच्या खाली. नेहमीच्या बँका आणि व्याज न घेणाऱ्या इस्लामिक बँका आम्ही एकाच यादीत घातल्या होत्या. मला ते काम बरं वाटलं. आकडे माझी चौकशी करत नव्हते.

शेवटून दुसऱ्या नंबरवर एक छोटी इस्लामिक बँक होती. तिचे एक वयस्कर अधिकारी माहिती तपासायला सकाळी आठच्या व्हिडिओ कॉलवर आले. त्यांच्याकडे दुपार होती.

"मॅडम, आमची माणसं तुम्ही बरोबर मोजलीत," ते म्हणाले, "पण ती करतात काय, ते बघितलं नाहीत. दुसरी बँक टॅक्सीसाठी पैसे देते आणि व्याज घेते. आम्हाला व्याज चालत नाही. आम्ही टॅक्सी आधी स्वतः विकत घेतो, मग आमचा नफा उघड सांगून ड्रायव्हरला विकतो. म्हणजे टॅक्सी बघायला एक माणूस, कागद करायला दुसरा. आम्हाला आमच्यासारख्यांच्या रांगेत उभं करून बघा ना."

मी टाइप करत राहिले. त्यांनी स्क्रीनवर माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमची तब्येत बरी नाही का?"

"माझे मिस्टर गेले. मागच्या महिन्यात."

त्यांनी डोळे मिटून हळू आवाजात अरबीत काहीतरी म्हटलं. मग म्हणाले, "आपण उद्या बोलू."

"नको," मी म्हणाले. "पुढचा रकाना बघू."

शनिवारी मुलीच्या स्विमिंग क्लासला, पूलशेजारच्या बाकावर बसून मी फक्त इस्लामिक बँकांची वेगळी तुलना केली. त्या अधिकाऱ्यांची बँक तळातून थेट मध्यावर आली. त्यांचं म्हणणं खरं होतं. पूर्वी असं काही सापडलं की मी नवऱ्याला लगेच फोन करायचे. त्या दिवशी मी फाइल सेव्ह केली.

"आई, डिड यू सी दॅट?" मुलगी पाण्यातून ओरडली.

मी पाहिलं नव्हतं. "हो," म्हणाले.

सोमवारी बॉसला दाखवलं. "इंटरेस्टिंग आहे, पण क्लायंटला एकच यादी हवीय. हे रिपोर्टच्या शेवटी पुरवणीत टाक." एक वर्षापूर्वी मी भांडले असते. मी ओके म्हणाले आणि पुरवणीत टाकलं.

थंडी सुरू होईपर्यंत ती बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. आमच्या यादीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पण विलीनीकरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ती यादी होती. त्या गृहस्थांची मेल आली. टॅक्सीसारख्या वस्तू बघायला जाणारी माणसं सगळ्यात आधी कामावरून काढली होती. त्यांनी स्वतः निवृत्ती घेतली होती. पुरवणी त्यांनी वाचली होती, तिच्याबद्दल आभार मानले होते. मी लिहिलं, "मी भांडायला हवं होतं."

मग बॉसने पुढचं काम दिलं, टेक्ससमधल्या हॉस्पिटलांचं. बेड किती, नर्स किती, पेशंट किती.

"हे मला नको," मी म्हणाले.

"का?"

नवऱ्याच्या शेवटच्या दुपारी एक नर्स तासभर नुसती त्याचा हात धरून बसली होती. मी खाली पार्किंगमध्ये फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी बोलत होते. ती नसती तर तो एकटा असता. आमच्या गणितात तो तास वाया गेलेला दिसला असता. हे सगळं मी बॉसला सांगितलं, हवामान सांगावं तशा आवाजात. त्याने समोरची फाइल बंद केली. मग म्हणाला, "ठीक आहे," आणि ते काम त्याने दुसऱ्या कुणाला तरी दिलं.