मुलाच्या बोटीसाठी टॅबलेट

बोटीत मी आयुष्यात एकदाच बसले आहे, फुटाळा तलावावर, पायडलच्या. तीही जागच्या जागी गोल फिरत राहिली. तरी बोटीवर कोणता टॅबलेट लावावा आणि त्यात कोणतं ॲप टाकावं हे नागपुरात माझ्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. ही बढाई नाही. गेला अख्खा उन्हाळा मी दुसरं काही केलंच नाही.

झालं असं, की कॅनडात राहणाऱ्या माझ्या मुलाने एक जुनी, लहानशी शिडाची बोट घेतली. त्याच्या गावाला लागून भलं मोठं तळं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे. हिवाळ्यात ते गोठतं आणि मे महिन्यात लोक बोटी पाण्यात उतरवतात. एप्रिलमधल्या एका रविवारी तो फोनवर म्हणाला, "आई, बोटीवर रस्ता पाहाले एक टॅबलेट लागते. मोबाइल लहान पडते. कोणता घेऊ? तूच पाहून सांग ना."

तोवर आमचा फोन म्हणजे रविवारी सकाळी साडेसातला, दहा-बारा मिनिटांचा. जेवलास का, औषध घेतलं का, तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती. दोन्हीकडचं तापमान सांगून झालं की बोलण्यासारखं काही उरायचं नाही. त्याचे वडील होते तेव्हा ते मध्येच काहीतरी विनोद करायचे आणि त्यात पाच मिनिटं निघून जायची. ते जाऊन चार वर्षं झाली. मला विनोद येत नाहीत. मला चुका काढता येतात.

चुका काढणं हीच तर माझी नोकरी होती. हिंगण्याच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात मी एकोणतीस वर्षं काढली. खोकी उघडायची, मापं घ्यायची आणि पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा. पुरवठादार मला टरकून असत. घरातही फ्रिजपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तू माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आत येत नसे. त्यामुळे मुलाने मला विचारलं याचं नवल वाटलं नाही. आनंद मात्र झाला, आणि तो इतका झाला की त्या दुपारी मला नीट जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सीताबर्डीतलं एक दुकान गाठलं. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, हा टॅबलेट जरा बाहेर उन्हात नेऊन दाखवा.

"उन्हात काहून, काकू?"

"बोटीवर लावायचा आहे."

"आपल्या नागपुरात?" तो म्हणाला, पण बिचारा आला बाहेर. पडदा काळाठिक्कर, त्यात फक्त माझाच चेहरा दिसत होता. माझे वडील विणकर होते. मागावरून उतरलेलं कापड ते अंगणात उन्हात धरल्याशिवाय घडी करत नसत. सावलीत सगळंच चांगलं दिसतं, असं म्हणायचे. मी तीन दुकानांतले पाच टॅबलेट उन्हात पाहिले. गॉगल लावून पाहिले, तर त्यातले दोन आडवे धरल्यावर पार काळे पडत होते. बोटं ओली करून पडद्यावर फिरवली तेव्हा दुकानदाराने पुढचा टॅबलेट काढायचाच बंद केला.

हे सगळं मी मुलाला लिहून पाठवलं. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला. मंगळवारी! हातात कणीक तशीच होती. चाळीस मिनिटं बोललो. तो एकेक मुद्दा विचारत होता, मी सांगत होते. ज्यात सिम घालायची सोय नाही अशा काही टॅबलेटमध्ये जीपीएसच नसतं, म्हणजे पाण्यावर तो आपण कुठे आहोत हेच सांगणार नाही, हे मी शोधून काढलं होतं. "हे तर मले माहीतच नव्हतं," तो म्हणाला. एवढ्यावर मी दिवसभर हवेत होते. तेव्हापासून त्याचा फोन रोज सकाळी यायला लागला. दहा इंची टॅबलेट मी नापास केला, कारण त्याच्या बोटीवर तो नाकापेक्षा मोती जड झाला असता. मग एक टॅबलेट मी भर दुपारी तासभर गच्चीवर ठेवला. माझाच होता तो, जुना. तापला आणि बंद पडला.

"आई," मुलगा हसत म्हणाला, "इथं मे मध्येही स्वेटर घालून राहिलो आम्ही."

खरंच की. मी नागपूरच्या उन्हात कॅनडाचा माल तपासत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत असली चूक केली नव्हती. पण तो इतका हसला, की चूक केली याचं वाईटही वाटेना.

मग ॲपांची पाळी आली. फुकट वापरून पाहण्यासारखी तीन उतरवून घेतली. उघडल्याबरोबर प्रत्येकाने मला नागपूर दाखवलं: सगळीकडे कोरी पिवळट जमीन आणि मधोमध एक निळा ठिपका, म्हणजे मी. एकाने जवळचं बंदर कोणतं ते विचारलं. मी बोटाने नकाशा सरकवत सरकवत समुद्र ओलांडला आणि मुलाच्या तळ्यावर पोचले. तिथे पाणी आकड्यांनी भरलेलं होतं. चार मीटर, अडीच मीटर, सहा. त्याच्या धक्क्यासमोर एक बेट आहे, त्याच्या डाव्या अंगाला पाण्याखाली खडक आहे, वर जेमतेम अर्धा मीटर पाणी. त्याच्या बोटीच्या बुडाला मीटरभर तरी लागतं. तो खडक एका ॲपमध्ये ठसठशीत दिसत होता, दुसऱ्यात खूप जवळ गेल्याशिवाय उमटतच नव्हता. दुसरं ॲप मी तिथल्या तिथे नापास केलं.

त्यानंतर दुपारी कूलर लावून मी त्या तळ्यावरच असायची. पाण्यावर तरंगणारा कुठला बोया लाल, कुठला हिरवा, वारा पश्चिमेचा असला तर कुठल्या खाडीत आडोसा मिळेल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. घरात बोलायला कोणी नाही, बाहेर पडावं तर पंचेचाळीस डिग्री, आणि समोर एवढं थंड पाणी. संध्याकाळी टॅबलेट बंद केला की घर एकदम लहान वाटायचं. रडू यायचं कधी कधी, खोटं कशाला बोलू.

आता कबुली द्यायची ती ही. तिसऱ्या आठवड्यातच माझं उत्तर तयार होतं. आठ इंची, आतच जीपीएस असलेला, पाणी सोसणारा, उन्हात दिसणारा, असा एकच टॅबलेट सगळ्यांतून पास झाला होता. डायरीत त्याचं नाव लिहून खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. आणि मुलाला मी ते सांगितलं नाही.

कारखान्यात पास आणि रिजेक्टच्या मध्ये पिवळं लेबल असायचं, होल्डचं. निर्णय व्हायचाय, हात लावू नका. कोणी उगीच माल होल्डवर ठेवला तर मी त्याला फाडून खायची. आता मीच ठेवला होता. उत्तर दिलं की रोजचा फोन संपणार, पुन्हा रविवार आणि तापमान. म्हणून मी नवनवीन शंका काढल्या. नेट नसताना नकाशा उघडतो का? चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं तर? ऑक्टोबरात तिकडे थंडी पडेल तेव्हा बॅटरी टिकेल का? या शेवटच्या शंकेसाठी मी जुना टॅबलेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण दही मागायला आली, तिने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली.

"हे काय वं? कोथिंबिरीजवळ टीव्ही ठेवला का?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "दोन महिने झाले तुह्या या टॅबलेटले. एवढ्यात तर पोरीचं लग्न जमते. काहून नाही सांगून टाकत त्याले एकदाचं?"

मी तिला दही देऊन वाटेला लावलं. रागच आला होता, कारण ती बरोबर बोलत होती.

मुलगा मात्र एकदाही कंटाळला नाही. "घाई नाही, आई. सध्या मोबाइलवरच भागवून राहिलो. धक्क्याच्या जवळच फिरतो," असं म्हणायचा. मला अपराधी वाटायचं. माझ्या हट्टापायी पोरगा नीट नकाशाशिवाय पाण्यात जातोय, समोर तो खडक आहे. दोनदा ठरवलं, उद्या सांगायचंच. दोन्ही वेळा सकाळी त्याचा आवाज ऐकला आणि वेगळंच काहीतरी बोलले.

जूनच्या शेवटी सुनेने फोटो पाठवले, तीसेक असतील. तळं, बेट, डबे, ती दोघं. मी सवयीने एकेक फोटो मोठा करून पाहत होते. सातव्या फोटोत मुलगा सुकाणूपाशी बसलेला होता आणि त्याच्यासमोर क्लॅम्पमध्ये टॅबलेट बसवलेला होता. आठ इंची. माझ्या डायरीतला, दोन रेघांवरचा. पडद्यावर तेच ॲप, तोच खडक.

त्या फोटोत मुलाला दाढी होती. ती त्याने मेच्या अखेरीस काढली, मीच काढायला लावली होती.

म्हणजे मी टॅबलेट फ्रिजमध्ये ठेवला तेव्हा हा माझ्या शंकांतूनच निवडून, विकत घेऊन, बसवून मोकळा झाला होता. आधी संताप आला. पोराने आईला बनवलं, म्हातारीला खेळणं देऊन बसवलं. मग फोटो पुन्हा मोठा केला. निवड चोख होती. माझा एकही शेरा त्याने खाली पडू दिला नव्हता. आणि तरी रोज सकाळी तो मला विचारत होता, आई, आज काय निघालं? संताप कुठे गेला कळलं नाही. 

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला. "आई, ते थंडीतल्या बॅटरीचं काय झालं?"

मी रात्री काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते हेच, "तुझ्या क्लॅम्पचा उजवीकडचा स्क्रू ढिला आहे. आवळून घे. लाट आली तर टॅबलेट पाण्यात जाईल."

 तो म्हणाला, "फोटो पाहिले का तू?"

"पाहिले."

"मे मध्येच घेतला होता, आई."

"दिसलं. दाढी होती. सांगितलं काहून नाही मले?" मी रागावले किंवा घाबरले, की माझ्या तोंडी घरची बोली येते.

"तुहं झालं होतं, ते तू तरी कुठं सांगितलं?"

 त्याला कधीपासून कळलं होतं हे विचारायची हिंमत झाली नाही. खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होईना. शेवटी मीच म्हटलं, "टॅबलेट चांगला घेतलास. पास आहे. आता हा विषय संपला."

  मग लहानपणी शाळेच्या गेटवर त्याचा निघायचा तसला रडवेला आवाज आला, चाळिशीला टेकलेल्या माणसाचा.

"मंग उद्या काय विचारू तुले?"

इतके दिवस मला वाटत होतं, तो फोन मी एकटीने धरून ठेवला आहे.

"मी कशी आहे ते विचार," मी म्हटलं. "आणि बरी आहे म्हटलं तर मानू नको."

"उद्या काहून? आजच विचारतो. कशी आहेस?"

मी खुर्ची ओढून बसले. सांगायला बराच वेळ लागला.