मावशींचा आवाज

आमच्या युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यातल्या सुपरवायझर मावशींचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं. कुणाची शिलाई वाकडी गेली की अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं झापतात, आणि जेवताना त्याच बाईच्या डब्यात शेंगाचटणी वाढतात.

एक तृतीयपंथी मुलगी शिलाईला लागली. बायका तिला बाथरूममध्ये येऊ देईनात, म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. मावशींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी मशिनी थांबवायला लावल्या आणि आपली बाटली तिच्या हातात दिली.

"पी की! आन् चल माझ्यासंगं, मलाबी जायचंय."

दोघी सगळ्यांसमोरून गेल्या. परतल्या तरी मशिनी बंदच होत्या, सगळ्याजणी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"बघताय काय? माल म्या एकटीनं शिवायचा व्हय?" मावशी कडाडल्या.

ती मुलगी खुदकन हसली. मग आम्हालाही हसू आवरेना. त्यानंतर तिला कुणी अडवलं नाही.