रक्त घट्ट झालं तेव्हा

डॉक्टर मॅडमनी रिपोर्टचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन फार कमी आलंय. एकदाच आलं असतं तर मी थांबले असते. आता औषध सुरू करावं लागेल."

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषाच्या अंगात तयार होणारं हार्मोन. त्याच्यावर दाढी, ताकद, हाडं, रक्त, मनाची उभारी आणि नवरा-बायकोमधलं सगळं अवलंबून असतं. मॅडम हे समजावून सांगत होत्या तेव्हा मी पायांकडे बघत होते. हे खिडकीबाहेर बघत होते. हे म्हणजे माझे मालक, हिराजी. वय अठ्ठेचाळीस. 

मी हे माझ्यापुरतं लिहून ठेवते आहे. पण पुढे कुणा बाईच्या घरी हेच आलं आणि तिच्या हाती हे पडलं, तर तिला उपयोग व्हावा असंही मनात आहे. कारण असलं दुखणं कुणी कुणाला सांगत नाही.

सुरुवात दोन वर्षं आधीच झाली होती. हे थोरल्या भावाच्या बोटीवर मासेमारीला, डोल जाळ्याला जातात. जाळं ओढताना त्यांना दम लागायला लागला. एक दिवसाआड करायची दाढी आठवड्यावर गेली. जेवता जेवता डोळे मिटायचे. चिडायचे, मग गप्प बसायचे. रात्री पाठ करून झोपायचे, आणि मला वाटायचं माझंच काही चुकलं.

गावच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन अकरा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताला लाल करणारा घटक. बाईला अकरा असेल तर आमच्याकडे कौतुक करतात, पण पुरुषाला ते कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी कलेजी, बीट, खजूर असं सगळं सुरू केलं. फरक पडला नाही. मग तिथल्या डॉक्टरांनी अलिबागला पाठवलं. तिथे हार्मोनच्या डॉक्टर मॅडम शनिवारी येतात.

मॅडमनी विचारलं, "तरुणपणी गालगुंड झाले होते का?"

मीच हो म्हणून मान हलवली. तिशीत झाले होते. ताप होता, आणि खाली सूज आली होती. घरी हळदीचा लेप लावला होता. मॅडम म्हणाल्या, तेव्हाच इजा झाली असणार, मग हार्मोन हळूहळू कमी होत गेलं. आमच्या लेकीनंतर, रेश्मानंतर, मूल का राहिलं नाही, तेही मला तिथेच कळलं. गावात त्याचा बोल इतकी वर्षं मला लागत होता. आम्ही एसटीने घरी आलो. उतरताना माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, एवढंच.

औषध म्हणजे इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, कमरेत. मॅडमनी सांगितलं की इंजेक्शनाइतकीच तपासणी महत्त्वाची. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, टेस्टोस्टेरॉन किती झालं. ते रक्त सकाळी, दोन इंजेक्शनांच्या मधोमध द्यायचं. दुसरी पीएसए, म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या वाटेजवळ प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिची तपासणी. तिसरी हिमॅटोक्रिट. शंभर भाग रक्तात लाल पेशी किती भाग आहेत, ते त्यात कळतं. "हे औषध रक्त वाढवतं," मॅडम म्हणाल्या. "चोपन्नच्या वर गेलं तर मला लगेच कळवायचं."

आम्हाला त्यातलं 'रक्त वाढवतं' तेवढंच ऐकू आलं.

पहिली इंजेक्शनं उन्हाळ्यात झाली. मग होड्या वर ओढल्या, पावसाळाभर हे घरीच होते. दर तिसऱ्या सोमवारी दवाखान्यात जायचे, कंपाउंडर टोचायचा. दोन-अडीच महिन्यांत माणूस बदलला. ओट्यावर बसून जाळी विणताना गुणगुणायचे. मला नावाने हाक मारायला लागले. हिमोग्लोबिन चौदा झालं, हिमॅटोक्रिट चव्वेचाळीस. मॅडम म्हणाल्या, छान.

नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि घराचा हिशेब बदलला. डोल जाळ्याचं काम पाण्याच्या ओढीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला जोर असतो, तेव्हा बोटी बाहेर. मधल्या दिवसांत पाणी मंदावतं, त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगाला पुरुष घरी असतात. केस कापणं, दवाखाना, पाहुण्यांकडे जाणं, सगळं भांगाला. तारीख लागते ती लग्नाला आणि बँकेला. तेव्हा ह्यांचं इंजेक्शनही भांगाला गेलं. प्रत्येक भांगाला एक. कंपाउंडरसमोर औषध ठेवलं की तो टोचायचा. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मधली एक तपासणी होड्यांच्या गडबडीत राहिली.

थंडी पडली तसा ह्यांचा चेहरा लालबुंद दिसायला लागला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तोंडावं कसं तेज आलंय बग माज्या पोराच्या. कलेजीचा गुन हाय." पण ह्यांचं डोकं दुखायचं. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. मी विचारलं की म्हणायचे, "थंड पान्यात हात हाय दिवसभर. मुंग्या न्हाय येनार त काय व्हनार?"

एका भांगाच्या शेवटी मी जबरदस्तीने त्यांना अलिबागला रक्त द्यायला नेलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पहाटेच ते बोटीवर गेले.

रिपोर्ट त्याच दिवशी रेश्माच्या मोबाइलवर आला. ती लग्न होऊन पनवेलला असते. तिने फोनवर वाचून दाखवलं, "आई, बाबांचं हिमोग्लोबिन एकोणीस."

सासूबाईंनी हात जोडले. "एकोनीस. माजं जल्मात धाच्या वर ग्यालं न्हाय गो बाय." मलाही बरं वाटलं. ते खोटं सांगणार नाही.

मग रेश्मा म्हणाली, "आई, खाली ठळक लिहिलंय. हिमॅटोक्रिट अठ्ठावन्न."

चोपन्नचा आकडा मला आठवला. मी काही बोलायच्या आत मॅडमच्या दवाखान्यातून फोन आला. बोलणाऱ्या मॅडमच होत्या.

"हिराजी कुठे आहेत?"

"बोटीवर."

"डोकं दुखतंय का? हातापायाला मुंग्या?"

मी सांगितलं.

"ऐका. रक्त घट्ट झालंय. काकवीसारखं. असं रक्त मेंदूत गोठलं तर झटका येतो, अर्धं अंग जातं. त्यांना भरपूर पाणी पाजा, जोराचं काम करू देऊ नका, आणि आजच इकडे आणा. मी संध्याकाळपर्यंत थांबते."

जोराचं काम करू देऊ नका. ते त्या वेळी जाळं ओढत असणार.

समुद्रात मोबाइल लागत नाही. मी धाकट्या दिराकडे गेले, दामू भावजींकडे. त्यांच्या पायाला लागलं होतं म्हणून ते त्या खेपेला घरी होते. आम्ही मच्छीमार सोसायटीत गेलो. तिथे वायरलेस आहे. वायरलेसवर बोललेलं आपल्या सगळ्या होड्यांवर ऐकू जातं. उधाणाचा दिवस, म्हणजे गावातले सगळे पुरुष ऐकणार.

भावजींनी विचारलं, "वैनी, काय सांगू? आय आजारी हाय म्हनू?"

मी नको म्हटलं. आईचं ऐकून ते धास्तीने जाळं घाईघाईत ओढतील, आणि त्यांनी ओढायचंच नव्हतं.

भावजींनी वायरलेसवर आमची बोट गाठली. हिराजीला परत पाठवा म्हणाले. तिकडून थोरल्या दिरांचा आवाज आला, "जालं उचलून येतो. दोन तास." मधेच दुसऱ्या कुठल्या बोटीवरून कुणीतरी बोललं, "हिराजी, वैनीला करमत न्हाय रं तुज्याबिगर." आणखी दोघं हसले.

भावजींनी मान खाली घातली. मी त्यांच्या हातातून ते बोलायचं यंत्र घेतलं. मी आजवर चार माणसांत मोठ्याने बोलले नव्हते.

"थोरले भावजी, मी बोलते. ह्यांचं रक्त घट्ट झालंय. डॉक्टर सांगतात झटका येईल. त्यांना जालं ओढू देऊ नका. बसवा. पानी पाजा. आनी आत्ता फिरा, जालं राहू दे."

हसणं थांबलं. थोरल्या दिरांचा आवाज आला, "फिरलो."

बंदरावर मी उभी राहिले. ऊन कलायला लागलं. दुसऱ्या बोटी दिसायच्या, आमची नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. बोट लागेल आणि ह्यांना उचलून खाली उतरवतील. शेजारी सासूबाई येऊन बसल्या. त्या परत परत म्हणत होत्या, "रगत वाढल्यावं मानूस कसा आजारी पडंल गो?"

बोट लागली. हे स्वतःच्या पायांनी उतरले. हातात पाण्याची बाटली, आणि तोंडावर राग.

"सगल्या होड्यांना आयकवलंस. आता काय ऱ्हायलं माजं?"

"तुमी ऱ्हायलात," मी म्हटलं आणि रिक्षात बसले. ते पण बसले.

अलिबागला मॅडमनी आधी हात वर करायला लावले, बोलायला लावलं, हसायला लावलं. तोंड वाकडं होत नाही ना ते बघितलं. बीपी वाढलेलं होतं. झटका आलेला नव्हता. मग त्यांनी रिपोर्ट समोर घेतला.

"टेस्टोस्टेरॉनही खूप वर आहे. इंजेक्शन दर तीन आठवड्यांनीच घेता ना?"

"व्हय," हे म्हणाले.

मॅडम लिहायला लागल्या. "मग हे औषध तुम्हाला सोसत नाही असं दिसतं. बंद करावं लागेल."

ह्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. तो लाल चेहरा एकदम विझला. औषधाआधीची दोन वर्षं मला आठवली, ताटावर मिटलेले डोळे आठवले. ते पुन्हा तसे होणार. आणि खरं सांगितलं तर ते माझ्यावर दुसऱ्यांदा चिडणार. पण मॅडमच्या हातात पेन होतं.

"मॅडम, ते भांगाला घेतात," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"पाण्याला ओढ नसते ते दिवस. तेव्हा बोट घरी असते. पंधरा दिवसांनी येतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे महिन्यात दोन. कधीपासून?"

"नारळी पुनवेपासनं."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे हळू म्हणाले, "तिसऱ्या आठवड्यात उतरल्यागत व्हायचं. पयल्यासारखं. भांगाला घेतली का उतरायचंच न्हाय. म्हून तसंच चालू ठेवलं मी."

"हे मला सांगायचं ना," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तिसऱ्या आठवड्यात उतरत असेल तर त्यावर उपाय असतो. डोस लहान करून जवळजवळ देता येतो. पण तो मी ठरवायचा, रक्त बघून. आणि लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत का?"

मी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. त्यांनी ते स्वतःच्या खणात टाकलं.

त्या संध्याकाळी ह्यांचं रक्त काढलं. फ्लेबोटॉमी म्हणतात त्याला. रक्तदानासारखंच, एक पिशवी. रक्त गडद होतं आणि नळीतून रेंगाळत उतरत होतं. सिस्टर म्हणाल्या, ही पिशवी कुणाला देता येत नाही, टाकून द्यावी लागते. सासूबाईंना मी ते सांगितलंच नाही. रात्रभर ठेवून घेतलं, सलाईन लावलं. सकाळी हे म्हणाले, डोकं हलकं झालंय. बोटांच्या मुंग्या जायला मात्र आणखी आठ-दहा दिवस लागले. काही दिवसांनी आणखी एक पिशवी काढली.

तीन महिने इंजेक्शन बंद होतं. ते दिवस वाईट गेले. हे पुन्हा गप्प झाले, बोटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. दर महिन्याला रक्त द्यायला जायचो. त्रेपन्न. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. आकडा उतरला की मला बरं वाटायचं, आणि ह्यांच्याकडे बघितलं की वाईट. तंबाखू मात्र त्यांनी त्याच दिवसांत सोडली. रक्त घट्ट करायला तीही हातभार लावते, असं मॅडमनी सांगितलं होतं.

सत्तेचाळीस झाल्यावर मॅडमनी औषध पुन्हा दिलं, डोस अर्धा करून. "आता तुमच्या भांगाप्रमाणेच देते," त्या म्हणाल्या. "दोन भांगांना दोन अर्धे डोस. रक्त दर तीन महिन्यांनी. चालेल?"

चाललं. आता वर्ष होत आलं. हे ओट्यावर गुणगुणतात, आधीइतकं नाही, पण गुणगुणतात.

ज्या बाईच्या घरी हे येईल तिला मला एवढंच सांगायचं आहे. नवऱ्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत आत जा, बाहेर बाकावर बसू नका. तिथे पुरुष अर्धंच सांगतात, आणि डॉक्टर त्या अर्ध्यावर औषध लिहितात. रक्त वाढलं म्हणून हुरळू नका. आणि ज्यांनी माझं ऐकून जाळं सोडून बोट फिरवली त्या थोरल्या भावजींचे, आणि संध्याकाळपर्यंत थांबलेल्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या शनिवारी तपासणीला गेलो होतो. आकडा अठ्ठेचाळीस. मॅडमनी विचारलं, इंजेक्शनं वेळेवर झाली ना. मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच बोलले.

"न्हाय मॅडम. एक चुकलं. वारा व्हता, भांगाला पोचलोच न्हाय. मंग पुढं दोन एकदम घ्यावी असं लय वाटलं. पन घेतली न्हाय."

मॅडम लिहून घेत होत्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "अजून हाय सांगायचं. झोपेत घोरतो मी लय, दम अडकतो. त्यानंबी रगत घट्ट व्हतं म्हनतात. हिला इचारा."