पितळी डब्यातला कार्बोरेटर

नव्वदनंतरची ती वर्षं. मी शाळेत शिकवून जळगावच्या घरी परतायची, तेव्हा हे अंगणात जुन्या पेट्रोलच्या गाडीवर वाकलेले असत. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकत. मी वाचलेलं काही सांगू लागले की दुसऱ्याच वाक्याला यांचं "हं, हं" सुरू होई. इंजिनाला तसं "हं" कधी मिळालं नाही. मला त्याचा हेवा वाटे. लोखंडाचा हेवा वाटतो म्हणून स्वतःचा रागही येई.

एकदा यांनी धुळ्याच्या भंगारातून टर्बो आणला. इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरून बाहेरची हवा आत कोंबणारा पंखा. त्याची नळी यांनी थेट हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाला जोडली. पाळधीच्या रस्त्यावर वेग घ्यायला गेलं की गाडी गचके खाऊन बंद पडे. जेवताना यांचं लक्ष ताटात नसे.

"हवा दाबाची," एकदा घास तसाच धरून हे म्हणाले, "पण कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीवर दाब नाही. मग पेट्रोल वर चढेल कसं? अख्खा कार्बोरेटरच बंद डब्यात बसवायला हवा. दाब आतबाहेर सारखा."

बोलता बोलता यांची नजर फळीवर गेली. तिथे माझ्या आईने लग्नात दिलेला पितळी डबा होता. पापड भर पावसाळ्यातही सादळू न देणारा.

"अहो, तो नाही," मी म्हणाले.

साक्रीकडच्या माझ्या सासूबाई हसल्या. "तुन्ही सवत घरमा उनी शे वं! आते तिले डबाबी दी टाक."

सवतीला डबाही दिला. यांनी नळ्यांसाठी भोकं पाडून कथलाचे डाग दिले, झाकणाला रबर लावून बोल्ट आवळले. पारोळ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गाडी खरोखरच पुढे झेपावली. बारीक शीळ ऐकू आली.

"ऐकलंस?"

"माझ्या डब्यातून येतेय."

हे खूप हसले. पण कान त्या शिळेकडेच होता.

गेल्या वर्षी आजारपणात यांना वाचता येईना, म्हणून मी रोज वाचून दाखवू लागले. एका दुपारी हे डोळे मिटून पडले होते; झोपले असं वाटून मी थांबले. "मागच्या ओळीत अडखळलीस," हे म्हणाले. "परत वाच." तो चेहरा मी बॉनेटखाली कितीदा तरी पाहिला होता. मी ती ओळ पुन्हा वाचली, मुद्दाम सावकाश.

हे गेल्यावर गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला भुसावळहून एक गृहस्थ आले. "ताई, हा डबा काढून साधी करून द्या," म्हणाले. मग त्यांनी इंजिन सुरू करून, डोळे मिटून, बॉनेटकडे कान केला.

मी पुढे होऊन किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. "विकायची नाही," म्हणाले.