जर्मनिणीचा हार

शेवटी शेवटी एका दुपारी काकूंनी माझ्याकडे पाणी मागितलं नाही की औषध मागितलं नाही. म्हणाल्या, "तिला चालू कर जरा. ऐकू दे." मी खाली अंगणात गेले, पत्र्याच्या छपराखालचं पांघरूण ओढून काढलं आणि आमची जुनी मोटार, जर्मनीण, चालू केली. ती आधी खोकली, मग सुरू झाली. वर खिडकीत काकूंचा हात तेवढा दिसत होता, बोटानं सांगत होत्या की थांब, इतक्यात बंद नको करू. मी वर परतले तेव्हा डोळे मिटलेले होते, पण चेहरा अगदी समाधानाचा. "चांगला श्वास घेतेय," म्हणाल्या. मला वाटलं स्वतःबद्दल बोलतायत... त्याच आठवड्यात त्या गेल्या.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी काकूंवर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी घाबरून आधी नाहीच म्हटलं. सातवीतून शाळा सुटलेली बाई मी, किराण्याच्या यादीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. मग वाटलं, आज जी काही मी आहे ती ज्या बाईमुळे, तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार? चुका असतील तर संभाळून घ्या.

देवरूखजवळच्या खेड्यातून लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा मध्यप्रदेश नवा नवा होता. संस्थान गेलं होतं, मध्यभारत आला आणि तोही गेला, कचेऱ्या एकेक करून भोपाळला निघाल्या होत्या. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. त्यांचे यजमान तात्या दरबारच्या मोटारखान्यात अधिकारी होते. मी आले त्याआधीच ते वारले होते. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरात सगळे मराठी बोलायचे, पण मला अर्धं कळायचं नाही. "सूनबाई, तू काय करून राहिली तिकडे?" असं कुणी विचारलं की मला वाटायचं, माझं काही चुकलं. मी बोलले की नणंदा हसायच्या, म्हणून मी बोलणंच सोडलं. कोकणातलं घर, आई, विहीर... सगळं इतकं लांब, की रडायलासुद्धा जागा नव्हती. एका दुपारी काकूंनी मला स्वयंपाकघरात डोळे पुसताना पाहिलं. हाताला धरून अंगणात नेलं, गाडीचं मागचं दार उघडलं. "इथे बस. काचा चढव आणि काय रडायचं ते रड. आवाज बाहेर येत नाही. जर्मनांनी दारं तशीच केलीत."

दार लागल्याचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. दाणकन नाही, खडखड नाही. जाड पुस्तक मिटावं तसा थप्प... आणि आख्खं इंदूर बाहेर राहिलं.

गाडीचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं व्हायचं. आमच्या घरात ते कुणी घेतही नसे. सगळे जर्मनीणच म्हणायचे. लांबलचक काळं नाक आणि नाकाच्या शेंड्यावर तीन टोकांची चांदणी. दरबारानं जादा मोटारी काढून टाकल्या तेव्हा तात्यांनी ती घेतली. तरुणपणी दरबारच्या मंडळींबरोबर ते विलायतेला गेले होते, तिथून पुढे जर्मनीत तो कारखानाही बघून आले होते. तिथल्या गोष्टी त्यांनी काकूंना सांगितल्या, आणि त्या मला काकूंनी सांगितल्या, त्याच मागच्या सीटवर बसून, शेंगा सोलता सोलता.

दोन वेगवेगळे गृहस्थ होते म्हणे, एकमेकांपासून लांब नसलेल्या गावांत राहायचे, दोघंही बिनघोड्याच्या गाडीच्या मागे लागलेले. त्यातल्या एकानं कामासाठी परगावी असताना घरी पत्र धाडलं, त्यात आपण राहतो त्या जागेवर चांदणी काढली, एक दिवस ती आपल्या कारखान्यावर चमकेल म्हणून. दोघांचे कारखाने पुढे गिऱ्हाइकांसाठी वर्षानुवर्षं झगडले, आणि पहिल्या महायुद्धानंतर पैशाची दैना झाली तेव्हा एका छपराखाली आले. "भाऊबंदकी मिटवायची तर अशी," काकू हसून म्हणायच्या. चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश. तिन्हीकडे आपलं यंत्र चालेल, एवढी त्यांची उमेद. युद्धात याच यंत्रांनी वाईट कामंही केली, कारखान्यात माणसं जबरदस्तीनं राबवली, हेही काकू लपवायच्या नाहीत. "यंत्राला पाप लागत नाही, माणसाला लागतं," म्हणायच्या. कारखाना बाँबनी भुईसपाट झाला, आणि मातीतून परत उभा राहिला.

पण काकूंची लाडकी गोष्ट त्या दुसऱ्या गृहस्थाच्या बायकोची. नवऱ्यानं गाडी बनवून ठेवलेली, पण लोक हसतील म्हणून ती बाहेर काढायला तो बिचकायचा. एका पहाटे तो झोपेत असताना बाई उठली, दोन पोरांना घेतलं आणि गाडी चालवत सरळ माहेरी निघाली! इतक्या लांब तोवर जगात कुणी मोटारीनं गेलं नव्हतं. वाटेत तेल संपलं, ते औषधांच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजला तर चांभाराकडून कातडं मारून घेतलं. आणि पोचली की. "लोकांना वाटतं ही गाडी नुसती श्रीमंतांची. तिला दुनियेत बाईनं आणलं, माहेरच्या ओढीनं. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. देवरूख किती लांब, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा न रडता मोजलं.

काकूंना स्वतःला गाडी येत होती. मोटारखान्याच्या आवारात तात्यांनी शिकवली होती. पण तात्या गेले आणि चाकाला हात लावायचं बंद झालं. कुणी मनाई केली असं नाही. न बोलताच काही गोष्टी ठरतात ना घरात, तसं. चाक भाऊसाहेबांकडे, म्हणजे काकूंच्या धाकट्या दिरांकडे आलं. काकूंकडे उरली ती एक सवय. गाडी कुठून परत आली की पालथा हात तिच्या नाकावर ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा.

भाऊसाहेब वर्षातून एकदाच गाडी काढायचे, दसऱ्याला. सीमोल्लंघनाला आमच्याकडची माणसं जर्मनिणीतून शहराच्या हद्दीबाहेर जायची आणि सोनं लुटून परतायची. मी यायच्या आधीच्या वर्षी ती वाटेत तापून बंद पडली. मी आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला पुन्हा तेच. नाकातून वाफ, रस्त्यात गर्दी, आणि धक्का मारणारे लोक. कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, दरबार की सवारी है, जरा अदब से धकाओ!" सगळा रस्ता हसला. भाऊसाहेब खाली मान घालून बसले होते. काकू घराच्या दारात उभ्या होत्या. ढकलत आणलेल्या गाडीवर त्यांनी पालथा हात ठेवला आणि आत गेल्या.

पुढच्या वर्षी भाऊसाहेबांची बदली भोपाळला झाली आणि त्यांनी सांगून टाकलं की गाडी विकायची. गिऱ्हाईकही आणलं, महूचे एक शेठजी. माणूस साधा, हसतमुख. बेत सांगितला तोही हसतच. "पीछे से कटवा देंगे, पटिये डलवा देंगे। इंजन मजबूत है, बोरे ढोएगी।" म्हणजे ती मागची सीट कापणार, ते दार, ती थप्प मिटणारी शांतता... आणि आत पोती भरणार. मी स्वयंपाकघरात काकूंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"भाऊजी, दसरा चार दिवसांवर आहे. या वेळी धक्का न मारता सीमेपार जाऊन परत आली, तर ती इथेच राहील. नाही आली तर शेठजींनी तिथूनच घेऊन जावी. मी तोंड उघडणार नाही."

"वहिनी, ती म्हातारी झालीय. उगाच कशाला..."

"चालेल ना शेठजी?"

शेठजींना गंमत वाटली. "चलेगा भाभीजी। मैं खुद बैठूँगा आप लोगों के साथ।"

दसऱ्याच्या सकाळी पूजा भाऊसाहेबांनी केली. काकू विधवा म्हणून पूजेपासून लांब, ओसरीच्या खांबाला टेकून बघत होत्या. या वेळी हार बघण्यासारखा होता. मनगटाएवढा जाड, झेंडू आणि आंब्याची पानं, पाणी मारून ताजा ठेवलेला. त्याचे तीन पदर गाडीच्या सगळ्या नाकावरून, जाळी झाकून टाकत. पहिल्या वर्षी गाडी बंद पडली म्हणून दुसऱ्या वर्षी हार मोठा केला होता, दुसऱ्या वर्षी पडली म्हणून या वर्षी त्याहून मोठा. देवाला काही कमी पडायला नको, एवढाच सगळ्यांचा भाव.

पुढे भाऊसाहेब आणि शेठजी, मागे काकू आणि मी. आमचे हे सायकलवर बाजूनं. गर्दीतून गाडी मुंगीसारखी चाललेली, वर ऑक्टोबरचं ऊन. अन्नपूर्णेच्या देवळाच्या रस्त्याला लागलो आणि चांदणीखालून वाफेची बारीक दोरी निघाली. भाऊसाहेबांनी गाडी कडेला घेतली आणि हताश होऊन मागे वळले. "बघितलंत वहिनी?" शेठजींनी हात फिरवून सीटचं कातडं चाचपलं. मला ते कसायानं बकरं चाचपावं तसं वाटलं.

काकू उतरल्या. पालथा हात गाडीच्या नाकावर ठेवायला गेल्या, तर हात ठेवायला जागाच नव्हती, सगळे झेंडू. तिथेच थबकल्या. हाराच्या पदराखाली बोटं घातली, जाळीपर्यंत नेली. मग माझ्याकडे वळल्या, आणि मी त्यांच्या डोळ्यांत असं हसू पाहिलं की बस.

"अगं, हिला श्वासच घेता येत नाहीये! तात्या बोटभर कुंकवाखेरीज काही लावू द्यायचे नाहीत. ही नाकानं वारं घेते, आणि आपण तीन वर्षं हिचं नाक दाबून विचारतोय, बाई तू तापतेस का? काढ तो हार."

"वहिनी!" भाऊसाहेब ओरडलेच. "दसऱ्याच्या दिवशी पूजेचा हार काढायचा? आणि तुम्ही सांगताय?"

त्या "तुम्ही"त काय होतं ते सगळ्यांना कळलं. काकूंनाही कळलं. त्या मागे सरल्या नाहीत. "मी हात लावत नाही. ही सवाष्ण आहे, ही काढेल."

भाऊसाहेब एकीकडे, काकू दुसरीकडे, भोवती लोक. गाठ भिजून दगड झालेली, नखानं सुटेना. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि गाठीत घातला... आणि त्या जर्मन बाईची टोपीची पिन आठवून मला, खरं सांगते, भर रस्त्यात हसू आलं. गाठ सुटली. हाराचे तिन्ही पदर माझ्या हातांत, आता ठेवायचे कुठे? जमिनीवर तर नाही. काकूंनी बोट दाखवलं. गाडीच्या पाठीला जादा चाक उभं लावलेलं असतं, स्टेपनी. मी हार त्या चाकाला घातला.

भाऊसाहेब पाण्याचं झाकण उघडायला धावले तर काकू म्हणाल्या, "थांबा, हात भाजेल. निवू दे." निवल्यावर आमच्या ह्यांनी पाणपोईवरून पाणी आणून भरलं. पण भाऊसाहेब चाकावर बसेनात. "मी नाही बसणार. आता होईल ते तुमच्यावर."

"बरं," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून चाकावर बसल्या. भाऊसाहेब आमच्या ह्यांच्याजवळ रस्त्यातच राहिले.

गर्दीला आधी कळलंच नाही. मग कळलं. पांढऱ्या पातळातली, कपाळ मोकळं असलेली बाई दरबारची गाडी चालवतेय! कुणी शिट्टी मारली, कुणी हात जोडले. काकूंनी भोंगा दाबला आणि रस्ता दुभंगला. गाडीनं वेग घेतला, नाकात वारं शिरलं, पाण्याच्या तापाचा काटा खाली आला आणि खालीच राहिला. हद्द मागे पडली, शेतं लागली. काकू थांबेनात! "बस, भाभीजी, हो गया सीमोल्लंघन," शेठजी म्हणत राहिले, आणि काकू म्हणाल्या, "शेठजी, थोडा और। बहुत साल से बैठी थी।" गाडीबद्दल म्हणाल्या की स्वतःबद्दल, मी तेव्हाही विचारलं नाही.

परत आलो ते इंजिनाच्या जोरावर, गल्लीत, सगळ्यांच्या देखत. कुणाचा हात लागला नाही. शेठजी उतरले, आपट्याचं पान काकूंच्या हातावर ठेवलं, वाकून नमस्कार केला. "इसको काटने की बात की, माफ करना।" महूला ते बसनं गेले.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी मला चाकावर बसवलं. सातवीतून शाळा सुटलेली, रस्ता ओलांडताना घाबरणारी मी, आणि परवाना काढताना साहेबानं विचारलं, "बहनजी, सच में आप चलाएँगी?" तर मी आमच्या गल्लीतल्या सगळ्यांसारखी म्हणाले, "चला के बताऊँ क्या?" पुढे याच गाडीतून काकू आणि मी कितीदा तरी उज्जैनला गेलो. आणि एकदा... देवरूखला. घाट उतरताना मीच चालवत होते. दारात आई उभी होती, तिला आधी मी दिसलेच नाही, चांदणी दिसली.

यंदा काकू गेल्या, म्हणून घरात वर्षभर सण नाही. दसऱ्याला मी पूजा काढली नाही, हारही आणला नाही. सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेले तर गल्लीत स्कूटरी, एक टेम्पो, शेजाऱ्यांची नवी मोटार, सगळ्यांचे हार पाठीमागच्या चाकाला. आमच्या गल्लीत आता तसेच घालतात. भंवरकुआंकडून राहायला आलेल्या एका नव्या भाडेकरूनं विचारलं, "आंटी, यहाँ माला पीछे क्यों?" तर टेम्पोवाल्यानं परस्पर सांगून टाकलं, "अपने यहाँ शुरू से ऐसा ही है भिया।"

मागे वळले तर अंगणात भाऊसाहेब. निवृत्त होऊन भोपाळहून कधीच परत आलेत, पाठ वाकलीय. जर्मनिणीच्या मागे उभे राहून स्टेपनीला हार बांधत होते, बारीकसा, एकपदरी.

"सण नाही, माहीत आहे मला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण पुढे बांधला असता तर वरून येऊन काढला असता वहिनींनी."

मग आम्ही दोघं पुढे बसलो. मी एक फेरी मारून आणली, अन्नपूर्णेपर्यंत, तिथून जरा पुढे, हद्द ओलांडून. परत आल्यावर उतरले आणि माझ्या नकळत माझा पालथा हात तिच्या नाकावर गेला.

ताप नव्हता.