कोनाचा आत्मा?

आरमोरीजवळच्या गावतलावावर डोमा ढिवराची सारी हयात मासे धरण्यात गेली होती. पाण्यावर त्याचा भरवसा होता, माणसांवर नव्हता. १९५५च्या हिवाळ्यात मूळचे चांद्याचे गुणवंतराव मास्तर येशूचं सांगायला सायकलवर येऊ लागले आणि डोमाची बायको कुंता मोहाच्या झाडाखाली बसून ऐकू लागली. तेव्हापासून डोमा तलावाकडे जाताना मागे वळून वळून तिच्याकडे पाहायचा.

"पवित्र आत्मा अंतरात येतो," मास्तर म्हणायचे.

त्या गावात आत्मा मेलेल्याचाच असे, आणि तो शिरला की माणूस आपलं राहत नसे. डोमाने सर्वांसमोर विचारलं, "कोनाचा आत्मा जी? मेला तो कोन?"

लोक खोखो हसले. कुंता हसली नाही. तेच त्याला खटकलं.

"मेलेल्याचा नाही, देवाचाच," मास्तर म्हणाले. "हे रान, हा तलाव सांगतो की घडवणारा आहे. पण त्याचं मन कसं, ते रान सांगत नाही. ते येशूत दिसलं. आत्मा ते आत उमजवतो."

"म्हंजे बुडबुड्यावानी," डोमाच्या तोंडून निसटलं. "बुडबुडा दिसला का खाली मासोळी आहे समजते. कोनती, ते जाळ्यात आल्यावरच."

पुढच्या रविवारी मास्तरांनी तेच बुडबुडे प्रवचनात सांगितले. डोमा बसल्या जागेवरून उठला. त्या दिवशी आपल्या तोंडून बोललं कोण? या मास्तरानं आपल्यातही काही सोडलं तर नाही?

कुंताने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं, त्याच तलावात.

"मी तुले जाऊ देनार नाई. तू परत येनार नाई."

"मंग धरून ठेवा ना मले. या संगं पान्यात."

तो गेला. छातीभर पाण्यात उभा राहून त्याने तिचं मनगट घट्ट धरलं, नजर मास्तरांच्या हातावर. कुंता पाण्याखाली गेली. बुडबुडे वर आले. खाली कोण आहे, ते ती वर आल्यावरच कळणार होतं.

ती वर आली. केसांतून पाणी निथळत होतं.

"जाळं कुठी ठेवलं मी?" डोमाने एकदम विचारलं.

"नोको म्हनते तिथीच! चुलीपाशी! इथी काऊन इचारता हे?"

आवाज तिचाच. चीडही तिचीच. डोमाचा श्वास सुटला, मनगट सुटलं नाही.

तेवढ्यात, ती बुडाली होती तिथे, आणखी एक बुडबुडा वर आला. मास्तरांचं लक्ष नव्हतं. डोमा पाहत राहिला.